धक्का मारणाऱ्याला समोरची सीट

जीपच्या सीटखाली भुईमुगाच्या फल्लीची टरफलं साठतात ना, तसे किस्से साठतात. रोज कोणी ना कोणी चार टाकतो, झाडायला कोणी तयार नसतो, आणि मग एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. लोक विचारतात, सिस्टर, एवढी नोकरी केली, काय आठवतं? खरं सांगते, बाळंतपणं कमी आठवतात. धक्के जास्त आठवतात.

मी आरोग्य उपकेंद्रावर सिस्टर होते. राहायला दारव्ह्यात आणि उपकेंद्र आडवाटेच्या एका गावात. एसटी तिच्या मर्जीनं यायची, म्हणून आमची सारी भिस्त एका काळ्या-पिवळ्या जीपवर. ड्रायव्हर प्रेमसिंग, जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. सगळे त्याला पोरगा म्हणत, पण तिशी उलटून गेली होती आणि लग्न काही जमत नव्हतं. माझ्यासोबत रोज जाणारे दुसरे इंगळे सर, त्याच गावच्या शाळेवर मास्तर. बाकीच्या सवाऱ्या बदलत, आम्ही तिघं कायम.

कापसाची ती वाईट वर्षं होती. चौकात दोन माणसं भेटली की भावाचंच बोलत. आमच्या गाडीत मात्र रोज सकाळी विषय एकच असायचा, आज सुरू होते का नाही.

होत नसे. बॅटरी मेलेली असायची. मग सगळे उतरायचे, मागून धक्का मारायचे, प्रेमसिंग दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, गाडी एक आचका द्यायची, काळा धूर ओकायची आणि चालू व्हायची. जुनं डिझेल इंजिन, सुरू झाल्यावर त्याला बॅटरीचं काही देणंघेणं नव्हतं. एकदा फिरलं की फिरलं.

या गाडीचा एक नियम होता आणि तो प्रेमसिंगनं केलेला. जो धक्का मारेल तो समोर बसेल. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, लेकुरवाळ्या बायांना धक्का माफ, पण मग जागाही मागची. समोरची सीट कमवावी लागे.

* * *

एकदा सकाळी स्टँडवर एक नवा माणूस आला. पांढरा शर्ट, हातात बॅग, पायात चकचकीत बूट. सरळ समोर जाऊन बसला.

प्रेमसिंग म्हणाला, "भाऊ, उतरा. धक्का मारा लागते."

"मी तिकिटाचे पैसे देणार आहे," तो माणूस म्हणाला.

"पैशानं मागची सीट भेटते."

सगळी गाडी ऐकत होती. त्या माणसानं एकदा बुटांकडं बघितलं, एकदा मागच्या बाकाकडं, जिथं एक बाई दोन कोंबड्या घेऊन बसली होती. मग मुकाट उतरला. इंगळे सर त्याच्या शेजारीच खांदा लावून उभे होते. धक्का मारता मारता सर त्याला म्हणाले, "जरा खालून जोर लावा नं बाप्पा. नुस्ते हात टेकवून काय होते?"

गाडी सुरू झाली. माणूस समोर बसला, सर त्याच्या बाजूला बसले. वाटेत सरांनी त्याला झेडपीच्या साहेब लोकांविषयी बरंच काही सांगितलं. शाळेत ते लोक कसे येतात, चहा पिऊन कसे जातात, सगळं. तो ऐकत होता.

गाव आलं. माणूस सरांबरोबरच उतरला आणि सरांबरोबरच शाळेकडं चालू लागला. तेव्हा सरांना कळलं की हे शाळा तपासायला आलेले साहेब आहेत. मला सरांनी हे नंतर सांगितलं.

दिवसभर साहेबांनी शाळा बघितली. मुलांना पाढे विचारले. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "इंगळे, गाडीला धक्का छान मारता तुम्ही. आता थोडा शाळेलाही मारा."

* * *

तुम्ही म्हणाल, जीपचा मालक नवी बॅटरी का घेत नव्हता? घेतली होती. तीच तर गंमत आहे.

त्या काळात लोडशेडिंग किती होतं ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. संध्याकाळ झाली की लाईन जायची. मालकाच्या घरी टीव्ही होता आणि मालकीणबाईंची मालिका बरोबर अंधाराच्या वेळी लागायची. मग रोज संध्याकाळी जीप दारात आली की मालक स्वतः बॅटरी काढून घरात न्यायचा, तिच्यावर टीव्ही चालायचा आणि सकाळी ती परत गाडीत बसवली जायची. गाडीत यायची तेव्हा तिच्यात एवढाही दम नसे की हॉर्न वाजावा.

प्रेमसिंगनं एकदा हिंमत करून मालकाला म्हटलं होतं, "शेटजी, टीव्हीसाठी दुसरी बॅटरी घ्या नं."

मालक म्हणाला, "कायले? गाडीले धक्का माराले माणसं आहेत. टीव्हीले धक्का कोण मारन?"

प्रेमसिंग परत आला. पण इंगळे सरांनी यातून एक शास्त्र काढलं. बॅटरीत थोडा दम उरला असला की इंजिन लवकर पकडायचं, म्हणून सकाळी धक्का किती जड जातो त्यावरून ते सांगायचे, काल मालकाच्या घरी काय झालं. गाडी पहिल्या धक्क्यात सुरू झाली की म्हणायचे, "काल पाहुणे आले असतील. टीव्ही लवकर बंद केला." आणि ज्या दिवशी आम्ही पार पुलापर्यंत ढकलत गेलो त्या दिवशी सर घाम पुसत म्हणाले, "सिस्टर, काल पिक्चर होता. शेवटपर्यंत पाह्यला वाटते."

मी नंतर मालकीणबाईंना बीपी तपासायला गेले तेव्हा सहज विचारलं. होताच पिक्चर. रडका होता म्हणे.

* * *

धक्क्याची गाडी चालवणाऱ्या माणसाची नजर बदलते. आपण गाव बघतो, प्रेमसिंग उतार बघायचा. कुठंही गाडी थांबवायची तर उतारावरच. उतारावर लावली म्हणजे ब्रेक सोडला की काम झालं, कोणाची मिनतवारी नको.

वाटेत दोन चहाच्या टपऱ्या होत्या. सपाटीवरच्या टपरीचा चहा आलं घातलेला, एकदम कडक. उतारावरच्या टपरीचा चहा म्हणजे कोमट पाणी. आम्ही सगळी वर्षं कोमट पाणी प्यालो.

आमच्या उपकेंद्राच्या गावात शिस्तीत बांधलेला थांबा होता, पत्र्याचा, बसायला बाक. पण तो सपाटीवर. खरा उतार होता गावाबाहेर, स्मशानाच्या फाटकापाशी. प्रेमसिंग तिथंच थांबायचा. मग हळूहळू सगळं गाव तिथंच येऊन बसायला लागलं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सावली चांगली होती.

अमरावतीहून एक नव्या मॅडम शाळेवर आल्या. पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर थांब्यावर जाऊन बघतात तर चिटपाखरू नाही. कोणीतरी सांगितलं, सगळे तिकडं आहेत. त्या गेल्या, तर स्मशानाच्या फाटकापाशी पाच-पंचवीस माणसं बसलेली, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. मॅडमनी डोक्यावर पदर घेतला, चपला बाजूला काढल्या आणि बायांच्या ओळीत मान खाली घालून बसल्या. बऱ्याच वेळ तशाच बसल्या. मी समोरच होते, पण माझ्या काही लक्षात आलं नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या आजीला मात्र राहवलं नाही. तिनं मॅडमच्या पाठीवर हात ठेवला. "कोण गेलं बाई तुमचं?"

मॅडम गोंधळल्या. "माझं नाही. तुमचं कोण गेलं?"

"आमचं कायले कोणी जाईन? गाडीची वाट पाहून राह्यलो."

* * *

आता माझा स्वतःचा एक सांगते, नाहीतर लोक म्हणतील सिस्टर दुसऱ्यांचेच सांगतात.

माणसं कमी असली की प्रेमसिंग स्वतः उतरून धक्का मारायचा. त्याच्या एकट्यात तिघांचा जोर होता. मग स्टेअरिंगवर कोण? इंगळे सरांना त्यानं एकदा बसवलं होतं. सरांनी क्लचऐवजी ब्रेक दाबला आणि मागची सगळी माणसं गाडीवर आदळली. तेव्हापासून ते काम माझ्याकडं आलं. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून ठेवायचा, गाडीनं वेग घेतला की पटकन सोडायचा. सुरू झाली की परत दाबायचा आणि प्रेमसिंग येईपर्यंत तशीच धरून ठेवायची. मला जीप सुरू करता यायची. चालवता मात्र यायची नाही, आजही येत नाही.

एकदा दारव्ह्याच्या बाजारापाशी हे सगळं झालं. कापूस घेणं बंद होतं. रस्त्याच्या कडेनं कापसाच्या बैलबंड्या लागलेल्या, काहींनी तर वैतागून कापूस खाली ढीग करून ठेवलेला आणि स्वतः बंडीखाली झोपलेले. कोण घेतं, कधी घेतं, कोणाला पत्ता नाही.

धक्का बसला, मी क्लच सोडला, गाडी सुरू झाली. आता परत क्लच दाबायचा, तर साडीचा काठ दोन्ही पायांत अडकला. पाय काही खाली जाईना. गाडी आपली दुसऱ्या गिअरमध्ये रमतगमत निघाली. मागून प्रेमसिंग पळतोय, "ब्रेक, सिस्टर, ब्रेक!" मला ऐकू येत होतं, पण पाय मोकळा असेल तेव्हा ना. स्टेअरिंग कुठंतरी वळवायचं म्हणून वळवलं.

जीप एका कापसाच्या ढिगात शिरली आणि मऊशार थांबली. इंजिन बंद झालं. काचेवर सगळीकडं कापूस, मला बाहेरचं काही दिसेना.

ढिगाचा मालक बंडीखालून उठला. सावकाश जवळ आला. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. मी खरंच घाबरले होते. त्यानं खिडकीतला कापूस बाजूला केला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "किती दिवसांपासून कोणी हात लावून नाही राह्यलं माझ्या कापसाले. तुमी तं गाडीच घेऊन आल्या सिस्टर."

* * *

त्याच हिवाळ्यात पथकं यायला लागली. कापसाचं काय झालं ते बघायला कुठून कुठून साहेब लोक येत. घाटंजीकडं जाऊन आलेले, नेरकडं जाऊन आलेले, सगळे एकच प्रश्न विचारत आणि लोक एकच उत्तर देत. आमच्या गावातही एक पथक आलं. नवी कोरी डिझेल गाडी, काळ्या काचा, आत थंडगार. साहेब लोक शेतात गेले. ड्रायव्हर गाडीत बसून राहिला, एसीचा पंखा, रेडिओ सगळं चालू, इंजिन मात्र बंद. दोन तासांनी साहेब आले तर गाडीत काही शिल्लक नाही. किल्ली फिरवली तर साधा टिक आवाज नाही.

गावाला काय, धक्क्याची सवय. कोणी बोलवायच्या आधीच पंधरा माणसं मागं लागली. ढकलली शाळेपर्यंत. नाही झाली. ढकलली मारुतीपर्यंत. नाही झाली. एवढी जोरात गाडी पळाली की आमची जीप असती तर तीनदा सुरू झाली असती.

ड्रायव्हर घामेघूम होऊन उतरला. "धक्के से नहीं होगी. इसमें कम्प्युटर है. उसको करंट लगता है."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे एवढ्या म्हाग गाडीले धक्काही नाही मारता येत?"

शेवटी बैलजोडी आणली. साहेब आत बसलेले, काळ्या काचा बंद, पुढं बैल, अशी ती गाडी रोडपर्यंत गेली. गाडीच्या बाजूनं तो म्हातारा चालत होता. बंद काचेकडं वाकून तो म्हणाला, "साहेब, तुमी विचारत होते नं, शेती काहून परवडत नाही? आता बैल आमचे, गाडी तुमची. लिहून घ्या."

प्रेमसिंगनं मात्र या सगळ्यातून भलताच निष्कर्ष काढला. जीपमध्ये बसल्यावर तो आम्हाला म्हणाला, "कम्प्युटर-गिम्प्युटर काही नसते. त्या ड्रायव्हरले क्लच सोडता नाही आला. माझ्या हातात असती तं पह्यल्या धक्क्यात उठली असती."

आणि मालकानं याच्यातून तिसराच निष्कर्ष काढला. एवढी पथकं येत आहेत तर त्यांना गाडी भाड्यानं लागणार. त्यानं तशीच नवी गाडी घेतली. ती चालवायला प्रेमसिंगच, पथक असलं की नवी, नसलं की जुनी.

* * *

आता प्रेमसिंगच्या लग्नाचं सांगते.

त्यांच्या तांड्यात सोयरीक पक्की झाली की पोरीच्या घरी गूळ खातात. गूळ खाल्ला म्हणजे झालं, मग मागं फिरणं नाही. प्रेमसिंग रविवारी पोरगी बघायला जायचा आणि सोमवारी सकाळी सगळी जीप त्याला विचारायची, "काय मंग, गूळ?"

तो म्हणायचा, "चहा."

मग पुढं बघून गाडी चालवायचा. पोरीच्या बापांना नोकरीवाला हवा असायचा, शेतकरी तर नकोच आणि ड्रायव्हर म्हटलं की दारू पीत असेल असं त्यांना आपोआप वाटायचं. प्रेमसिंग सुपारीही खात नव्हता. पण हे कोणाला सांगणार? त्याची याडी, म्हणजे आई, माझ्याकडं गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला यायची आणि दुसरंच बोलत बसायची. "माही तब्येत राहू द्या सिस्टर. माहा डोळा मिटायच्या आंधी याचं होते का तेवढं सांगा." मला फार वाईट वाटायचं. माझ्या पेटीत त्यावर काही नव्हतं.

मग नेर रोडच्या एका तांड्यावरून, तिथल्याच एका मध्यस्थाकडून स्थळ आलं. पोरगी सविता, बारावी झालेली. या वेळी प्रेमसिंगनं ठरवलं की इंगळे सरांना न्यायचं, ते बोलण्यात हुशार, आणि मला न्यायचं, म्हणजे बायांशी बोलायला कोणीतरी. सोबत त्याचे काका. काकांनी मालकाला गळ घातली आणि नवी गाडी मागून घेतली. एक दिवसापुरती.

गाडी सकाळी नीट सुरू झाली. जरा कण्हली, पण झाली. आदल्या संध्याकाळी मालकानं तिचीही बॅटरी टीव्हीला लावली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

तांड्यात शिरताच प्रेमसिंगची मान सवयीनं वळली. उतार शोधत होता. तांडा सगळा सपाट, पोळीसारखा. एक बारका उतार होता, पण विहिरीमागं. तो तिकडं गाडी वळवायला लागला तर काका म्हणाले, "अरे, दारासमोर लाव. गाडी दिसू दे की लोकाले." वरून टेप चालू ठेवायला लावला, चारी दारं उघडी ठेवून. गाण्याच्या आवाजानं सगळा तांडा जमला.

आत सगळं छान चाललं होतं. सविताचे वडील गोविंदभाऊ, मोजकं बोलणारे. सरांनी प्रेमसिंगचं असं वर्णन केलं की मलाच तो नवा माणूस वाटायला लागला. सविता पोहे घेऊन आली, बसली. काकांनी विचारलं, स्वयंपाक येतो का. येतो म्हणाली. भाकरी थापता येते का. येते म्हणाली. मग काका म्हणाले, तुले काही विचारायचं असन तं विचार. असं सगळे म्हणतात, कोणी विचारत नाही.

तिनं विचारलं. "बाहेरची गाडी तुमची स्वतःची हाय का?"

कोपऱ्यात बसलेल्या मध्यस्थानं त्या घरी तसंच सांगून ठेवलं होतं. तो जोरात खोकला. काकांनी प्रेमसिंगच्या मांडीला चिमटा काढला, मला दिसला. प्रेमसिंगनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "मालकाची हाय. मी चालवतो. रोजची गाडी दुसरी असते. जुनी हाय, धक्क्याची."

गोविंदभाऊंचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. ते उठले. "बरं मंग. कळवतो," म्हणाले.

कळवतोचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता. प्रेमसिंगला तर पाठ होता. आम्ही नमस्कार केले, बाहेर आलो. आणि बाहेर आलो तर गाणं बंद पडलेलं.

प्रेमसिंगनं किल्ली फिरवली. काही नाही. समोरचा एक दिवासुद्धा लागला नाही. सगळा तांडा बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याच्याकडं बघवेना मला.

"धक्का मारा सर," तो कसंबसं म्हणाला. "पह्यल्या धक्क्यात उठन."

सरांनी खांदा लावला. मी पदर खोचला. तांड्यातले चार-पाच जण आले. काका आत बसून राहिले, त्यांचा गुडघा दुखत होता. आम्ही ढकलली. प्रेमसिंगनं क्लच सोडला, इतक्या नजाकतीनं सोडला की काय सांगू. गाडीनं नुसता आचका दिला. परत ढकलली. परत आचका. तिसऱ्यांदा ढकलताना मला जाणवलं की गाडी जरा हलकी झाली आहे. बाजूला बघितलं तर सविता. ओढणी कमरेला बांधलेली, दोन्ही हात गाडीला, मान खाली.

सरांना धाप लागली होती, पण तोंड बंद ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. ते तिला म्हणाले, "मार पोरी, मार. आमच्या गाडीचा नियम हाय. जो धक्का मारन थो समोर बसन. मोठ्या साहेबालेही सोडलं नाही यानं."

ती ढकलत राहिली.

गाडी शेवटपर्यंत सुरू झाली नाही. तांडा संपला. प्रेमसिंग उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "थो ड्रायव्हर खरं बोलत होता सर. कम्प्युटरच हाय."

गोविंदभाऊ मागून चालत आले होते. पाहुण्यांना एकदाचं वाटेला लावायचं होतं त्यांना. त्यांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला, ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून या बॅटरीला वायर जोडल्या, आणि किल्ली फिरवताच गाडी लगेच सुरू झाली. ट्रॅक्टरवाल्याला शेतात जायचं होतं. त्यानं वायर काढल्या आणि तो निघून गेला.

आम्ही बसायला लागलो. काका मागून उतरले आणि समोरच्या सीटकडं निघाले. प्रेमसिंगनं त्यांच्याकडं न बघता सांगितलं, "काका, तुमी मागंच बसा." एवढं सगळं होऊनही नियम तो नियम. सर हात धुवायला गेले होते. मी मागं काकांजवळ बसले. समोरची सीट रिकामीच होती.

सवितानं हाताची धूळ झटकली. कमरेची ओढणी सोडून खांद्यावर घेतली. मग गाडीला वळसा घालून आली, समोरचं दार उघडलं आणि बसली.

मागोमाग आलेला तांडा दोन पावलं पुढं सरकला.

"सविता," गोविंदभाऊ म्हणाले. "उतर खाली."

"उतरतो नं," ती म्हणाली. "पण धक्का म्याही मारला. यांच्या गाडीचा नियम हाय म्हणे."

प्रेमसिंगनं तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून चालू गाडी कधी बंद पडली नव्हती. त्याचा पाय क्लचवरून सटकला, गाडीनं आचका दिला आणि बंद झाली.

ट्रॅक्टर लांब शेताच्या धुऱ्यापाशी पोचला होता. सविता समोर बघत बसली होती, उतरायचं नाव नाही. गोविंदभाऊंनी गाडीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, मग वळले आणि तडक घराकडं चालू लागले. मला वाटलं, आता हा माणूस काठी घेऊन येतो. काकांनी तर माझा हात धरला.

गोविंदभाऊ परत आले ते हातात ताटली घेऊन. ती त्यांनी बॉनेटवर ठेवली. ताटलीत गुळाचा खडा होता, चांगला मुठीएवढा.

"ट्रॅक्टरले वापस याले टाइम आहे," ते म्हणाले. "तवर हे खाऊन घ्या."